कार्डावरचा रंग

वसमत रोडच्या दुकानात पोरानं कार्ड उघडलं,
हातपंख्यासारखं,
आणि माझं बोट गेलं ते नेमकं त्या पट्टीवर:
पिवळ्याला सोडवेना, हिरव्याला धरवेना, असं काहीतरी.
"मॅडम, हा कंपाउंडला मारतेत लोकं."
मी म्हणाले, आतून. हॉलला. चारी भिंतींना.
मशीननं पांढऱ्या डब्यात पिवळा सोडला, मग थेंबभर काळा
(हो, काळा; मलाही तेव्हाच कळलं)
आणि डबा गदागदा हलवला,
मी लॅबमध्ये नळी हलवते तसा,
फक्त शंभरपट रागानं.

एकवीस वर्षं भाड्याच्या खोल्या,
चुन्यात नीळ कालवलेल्या.
खिळा ठोकायचा नाही.
कॅलेंडर दाराच्या कडीला.
नानलपेठेतल्या मालकानं तर भिंतीवरच्या चिकटपट्टीच्या खुणा मोजून
डिपॉझिटातले दोनशे कापले.
आता परभणीतच, दुसरा मजला,
दारावरच्या पाटीवर एकच नाव, माझं,
आणि हप्ते दोन हजार एकोणचाळीसपर्यंत.

ख्वाजामियाँनी पहिला हात मारला,
मागं सरकले, मान तिरपी केली.
"ओला हाय तवर काही बोलू नका, बाई.
ओला रंग अन् नवा जावई,
दोघंबी आठ दिवसानं कळतेत."

नाव मात्र कुणाचंच जुळेना.
ते म्हणत पोपटी.
समोरच्या सत्वशीलाताई दारातूनच: शेवाळ लावलंत का हो?
प्रणाली पुण्याहून, व्हिडिओ कॉलवर: आई, हायलायटर!
माझी आई भिंतीला नाक लागेल इतकी जवळ गेली,
डोळे बारीक केले.
"घाटा सोलला की निघतो ना कोवळा हरभरा,
सालीचा नाही, दाण्याचा."
एवढं पुरलं मला. त्या दिवसापुरतं.

दुसरा हात झाला, संध्याकाळी चहाला बसलो
आणि सगळ्यांचे चेहरे पिवळे.
ऊन खिडकीतून भिंतीवर, भिंत गालांवर.
अठरा वर्षं मी लोकांच्या रक्तातलं बिलिरुबिन मोजते,
नजर कुठं सुटीवर जाते?
आईच्या डोळ्याची पापणी खाली ओढली,
ख्वाजामियाँची नखं बघितली,
मग आरशात जीभ काढली.
"काय बघायलीस गं?"
काही नाही, म्हटलं. बिस्किट घे.

रात्री ट्यूब लावली तर तो तिसराच झाला,
थंड, सरकारी,
दवाखान्याच्या जिन्यात कंबरेएवढा असतो तो.
मी तर तिथूनच घरी येते रोज.
स्टुलावर बसून रडले नाही,
हिशेब केला: दोन डबे, पाच दिवसांची मजुरी,
आणि वर सत्वशीलाताईंचं हसू.

सकाळी दुधाळ पांढरा आणला.
ख्वाजामियाँ एक शब्द बोलले नाहीत.
एक भिंत झाकली, दुसरी, तिसरी.
चौथीपाशी ब्रश हवेतच थांबला.
"ही ठेवू?"
खिडकी असलेलीच ती भिंत.
मावळतीचं ऊन तिच्यातून आत येतं,
तिच्यावर मात्र कधी पडत नाही,
म्हणून कुणाच्या गालावर जात नाही.
ठेवा, म्हटलं.

त्यांच्या माघारी मी हातोडी घेतली.
पहिला खिळा वाकला.
दुसऱ्यानं रुपयाएवढं प्लास्टर पाडलं,
त्या हिरव्यात खालची पांढरी पुट्टी उघडी.
तिसरा बसला.

त्याच्यावर काय लावायचं ते ठरलेलं नाही.
आई म्हणते घड्याळ, प्रणाली म्हणते काहीच नको.
परवा ख्वाजामियाँ राहिलेले पैसे न्यायला आले,
रंगाच्या कंपनीची ती फुकटातली टोपी काढली,
इकडं तिकडं बघितलं
आणि खिळ्याला अडकवली,
चहा संपेपर्यंत.